सुरक्षिततेच्या कारणास्तव

मंगळवार, ३ तारीख

लग्न झाल्यापासून तुला 'अहो' म्हणत आले. आजपासून 'तू'. तीन वर्षं दुसऱ्या शहरात जाऊन बसलेल्या नवऱ्याला 'अहो' म्हणायला माझी जीभ काही फुकट आलेली नाही. आणि हे पत्र मी तुझ्या बँकेच्या मुख्य कचेरीवर, तुझ्या सुरक्षा विभागात पाठवते आहे, तेही पाकिटावर 'खाजगी' न लिहिता. तूच एकदा मोठ्या कौतुकाने सांगितलं होतंस की तुमच्याकडे येणारं सगळं टपाल तळमजल्यावर उघडतात, वाचतात, शिक्का मारतात आणि मगच वर पाठवतात. सुरक्षिततेच्या कारणास्तव. तेव्हा टपाल तपासणारे भाऊ किंवा ताई, जे कोण असाल ते, नमस्कार. निवांत बसा, तुमच्या साहेबांच्या घरची गोष्ट आहे.

आज सकाळी मास्तरांना भट्टीचे पैसे पाठवायला बसले. मास्तर तुला माहीत आहेत, त्यांच्याच हाताखाली मी दात घडवायला शिकले. आता त्यांच्या डोळ्यांनी संप केलाय, म्हणून ते काम बंद करताहेत. चिनी मातीचे दात भाजायची त्यांची भट्टी ते मला अर्ध्या किमतीत देताहेत. फोनवर रक्कम घातली, मास्तरांचं नाव घातलं, बटण दाबलं. उत्तर आलं, 'सुरक्षिततेच्या कारणास्तव हा व्यवहार थांबवण्यात आला आहे. आपण आपली दैनंदिन मर्यादा ओलांडत आहात.'

मी मर्यादा ओलांडते आहे म्हणे! ती मर्यादा कुणी घातली हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आता तळमजल्यालाही कळू दे. खातं दोघांच्या नावावर, त्यातली कमाई माझ्या कवळ्यांची, आणि मी दिवसाला किती खर्चायचे ते ठरवणार तू! त्या फोनच्या भानगडीनंतर तू माझ्या बाजूला कुलूप घातलंस, माझं चेकबुक बंद केलंस आणि बदली घेऊन निघून गेलास. ते कुलूप तुझ्या संमतीशिवाय निघत नाही. इतके दिवस मी भागवलं, कारण प्लास्टर, मेण आणि घरखर्च त्या मर्यादेत बसतो. भट्टी बसत नाही.

मास्तर एकोणीस तारखेपर्यंत थांबणार आहेत. वीसला खोली रिकामी करून ते मुलीकडे राहायला जातील, आणि भट्टी नव्या इमारतीतला लॅबवाला घेऊन जाईल. तो आत्ताच पैसे घेऊन दारात उभा आहे. मला म्हणतो, "बाई, भट्टी नाही जमली तर आमच्याकडे या, चांगला पगार देतो." दंतवैद्यांना आता चिनी मातीचेच दात हवे असतात. भट्टी नसेल तर वर्षभरात मला त्याच्या दारात उभं राहावं लागेल, आणि तो त्या दिवसाची वाट बघत बसलाय.

कुलूप काढ. फोन तू उचलत नाहीस. 'काय असेल ते लेखी कळव' म्हणाला होतास, तर हे घे लेखी. कुलूप निघेपर्यंत पत्रं येत राहतील, आणि प्रत्येक पत्रात तळमजल्याला तुझ्याबद्दल एकेक गोष्ट कळत जाईल. आजची गोष्ट अशी, की साहेब हसले की जे वरचे दोन दात चमकतात ते त्यांचे नाहीत. मी घडवलेले आहेत.

शुक्रवार, ६ तारीख

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. माझ्याकडे कागद पुष्कळ आहे.

परवा इथल्या शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलीने माझा चेहरा पाहिला, ओळखपत्र पाहिलं, अंगठा घेतला आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही तुम्हीच आहात हे झालं. पण मर्यादा वाढवायला पहिल्या खातेदाराची संमती लागेल." मी म्हटलं, पहिला खातेदार पळालाय. तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. मग मी विचारलं की मुळात हे कुलूप का घातलंय, काय लिहिलंय तिथे? तिने पडद्यावरचं वाचलं. माझ्यामागे रांग होती आणि मुलीचा आवाज खणखणीत. "खातेदार महिलेने अनोळखी व्यक्तीला फोनवर ओटीपी सांगितला. फसवणुकीस बळी पडण्याची शक्यता कायम." मागच्या बाईने माझ्याकडे अशी कीव करून पाहिलं की मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

म्हणजे एवढ्या वर्षांनंतरही मी 'शक्यता कायम' आहे. तुला बरं वाटलं असेल लिहिताना. नव्या लोकांना शिकवताना तू पडद्यावर माझं उदाहरण दाखवायचास, तेही मला कळलंय. 'एका बँक अधिकाऱ्याची सुशिक्षित पत्नी.' नाव नव्हतं घातलंस, केवढे उपकार! तुझ्याच हाताखालच्या एकाची बायको इथे माहेरी आली होती, दंतवैद्यांनी तिच्या दाढेचा रंग जुळवायला मला बोलावलं, तेव्हा तिने तोंडात कापूस धरून मला ते सांगितलं. दाढ मी तरीही नीट घडवली.

शाखेत काही होईना म्हणून मी दुसरी युक्ती केली. मर्यादेइतके पैसे रोज थोडे थोडे मास्तरांना पाठवायचे. बुधवारी गेले, गुरुवारी गेले. आज सकाळी फोन आला, माणसाचा नाही, यंत्राचा. बाईच्या गोड आवाजात यंत्र म्हणालं, 'आपल्या खात्यात संशयास्पद पद्धत आढळली आहे. हे व्यवहार आपणच करत असाल तर एक दाबा.' मी एक दाबलं. 'कुणाच्या सांगण्यावरून करत असाल तर दोन दाबा.' मी पुन्हा एक दाबलं. 'आपले उत्तर समाधानकारक नाही.' आणि खातं पूर्ण गोठवलं! आता दुधाचेही पैसे जात नाहीत. तो प्रश्न तुझाच असणार. 'आपले उत्तर समाधानकारक नाही' हे तर तू घरातही म्हणायचास, भाजी का महाग आणली म्हणून.

तळमजल्यासाठी आजची गोष्ट. साहेब झुरळाला घाबरतात. खुर्चीवर चढतात. बूट घालून.

मंगळवार, १० तारीख

तुझं उत्तर मिळालं. छापील कागद, खाली तुझी सही. 'आपली विनंती नियमानुसार विचारात घेतली जाईल.' आणि खाली पेनाने बारीक अक्षरात, 'यापुढे पत्रं कृपया माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवावीत.'

म्हणजे नाकाला मिरच्या झोंबल्या तर. छान. तुझ्या घरचा पत्ता मला माहीत आहे. मी त्याच पत्त्यावर बसून हे लिहिते आहे. शेजारच्या खोलीत तुझी आई पडून आहे. जिथे तू भाड्याने राहतोस त्याला घर म्हणायचं असेल तर म्हण.

गोठवलेलं खातं काल सुटलं, पण मर्यादा तशीच आहे. मास्तरांनी पुन्हा निरोप पाठवला की लॅबवाला रोज येऊन चहा पिऊन जातो. उसने घे असं सगळे सांगतात. का घेऊ? माझे पैसे माझ्या डोळ्यांसमोर पडद्यावर दिसताहेत, आणि मी लोकांपुढे हात पसरू?

आई जेवत नाहीत. का, ते विचारू नकोस. तू विचारणार नाहीसच. आपली पत्रोपत्री चाललीय हे त्यांना कळलंय. काल म्हणाल्या, "मी बोलू का त्याच्याशी?" मी म्हटलं, आई, तुम्ही यात पडू नका. तर भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

त्या फोनच्या भानगडीबद्दल तू मला वाटेल ते बोललास. अक्कल गहाण ठेवली आहेस का म्हणालास, शेजारी ऐकत असताना. मी एक शब्द उलट बोलले नाही. त्याचं तुला तेव्हा नवल वाटायला हवं होतं. मी आणि गप्प! त्या दुपारी माझे दोन्ही हात मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये होते. तू आलास तेव्हाही नखांत प्लास्टर होतं, तू पाहिलंस. फोन धरायला माझ्याकडे हात कुठे होता, हे माणसांचे खोटे व्यवहार पकडून पोट भरणाऱ्याला सुचलं नाही. असो. मी काही बोलणार नाही, मी शब्द दिलाय.

शुक्रवार, १३ तारीख

आज पाकिटावर 'खाजगी' लिहिलंय. तुझ्यासाठी नाही, आईंसाठी.

सकाळी मी साचे घासत होते. आई चपला घालून समोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "चल बँकेत." मी नको नको म्हणत असताना त्या जिना उतरूनही गेल्या. गुडघे दुखतात म्हणून वर्षभर खाली न उतरलेली बाई! मी तशीच हात पुसत मागे धावले.

काउंटरवर तीच मुलगी होती. आई खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "हिच्या नावापुढे जे लिहिलंय ते खोटं आहे. ओटीपी मी सांगितला."

मुलगी म्हणाली, "आजी, तुम्हाला काय सांगायचंय ते नीट सांगा."

"नीटच सांगते. हिचे हात भरलेले होते. हिचा फोन माझ्यापाशी होता. तो माणूस म्हणाला, वीज तोडायला माणसं निघालीत, आकडा सांगा म्हणजे थांबवतो. हिची यंत्रं सगळी विजेवर. मी घाबरले, चष्मा लावला आणि एकेक आकडा वाचून दाखवला. दोनदा. पहिल्यांदा त्याला ऐकू आलं नाही म्हणून."

मी म्हटलं, "आई, पुरे."

"का पुरे? तू तीन वर्षं बोलणी खाल्लीस, मी खोलीत बसून ऐकली. आता मला बोलू दे."

तर हे असं आहे. आता तू विचारशील की त्यांनी तेव्हाच का नाही सांगितलं. तुझ्या भीतीने, दुसरं काय! एकदा कपाट उघडं राहिलं तर तू कपाटाची किल्ली काढून घेतलीस. एकदा दूध उतू गेलं तर शेगडीला हात लावायचा नाही. एकदा रस्ता चुकल्या तर एकटीने बाहेर पडणं बंद. सगळं सुरक्षिततेसाठी. उरला होता फक्त फोन, आणि त्यावर रोज दुपारी तुझ्या मावशीशी होणारं बोलणं. त्या दुपारी त्यांनी माझा प्लास्टरचा हात तसाच धरला आणि म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस गं, तो माझा फोन काढून घेईल." त्यांचा चेहरा पाहून मी शब्द दिला. तू आल्यावर म्हटलं, मी सांगितला. तू लगेच विश्वास ठेवलास. बायको मूर्ख आहे या गोष्टीला तुला पुरावा लागला नाही.

मला वाटायचं, हे तुला ज्या दिवशी कळेल त्या दिवशी मी पेढे वाटून नाचेन. तशी नाचले नाही. पण खोटं का बोलू, घरी येताना पाय हलके होते.

मुलगी सांगत होती की आईंचं म्हणणं मुख्य कचेरीत जाईल. नियमाप्रमाणे तुमच्या विभागाने आईंना स्वतः फोन करून खात्री करायची आणि ते बोलणं टेप करायचं. नियम कुणी केलाय हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत आहे.

मंगळवार, १७ तारीख

आज अकराच्या सुमारास तू फोन केलास तेव्हा मी आईंच्या शेजारी होते. फोनचा आवाज मोठा ठेवला होता. तुला कळावं म्हणून लिहिते की आमच्या बाजूने तो कसा ऐकू आला.

तू म्हणालास, "नमस्कार, मी बँकेच्या सुरक्षा विभागातून बोलतोय. हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे."

आई म्हणाल्या, "बोल बाळा."

तू खाकरलास. "आपलं पूर्ण नाव सांगा."

त्यांनी सांगितलं. जन्मतारीख सांगितली. तू विचारलंस, "आपल्या कुटुंबातील एका सदस्याची जन्मतारीख सांगा." त्या म्हणाल्या, "तुझी सांगू? पहाटेचा झालास तू, उलटा होतास, दोन दिवस घेतलेस." तू म्हणालास, "फक्त तारीख." त्यांनी फक्त तारीख सांगितली. इतक्या हळू, की मला वाटलं यंत्र त्यांनाही म्हणतंय की उत्तर समाधानकारक नाही.

मग तू तो शेवटचा प्रश्न वाचलास. हो, वाचलास, तुझा वाचायचा आवाज मला ओळखू येतो. "हे निवेदन देण्यासाठी आपल्यावर कुणाचा दबाव आहे का?"

आई म्हणाल्या, "आता नाही. आधी होता."

"कुणाचा?"

"तुझा."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग तू म्हणालास, "धन्यवाद. आपली पडताळणी पूर्ण झाली." आणि ठेवलास! आईंनी फोन तसाच कानाशी धरला होता. मी काढून घेतला.

त्या क्षणी तू समोर असतास ना, तर मी माझ्या हातचे दोन्ही दात परत घेतले असते.

दुपारी माझ्या फोनवर संदेश आला की कुलूप निघालं. मी टुणकन उडी मारून मास्तरांना पैसे पाठवायला बसले. 'सुरक्षिततेच्या कारणास्तव वाढीव मर्यादा तीन कामकाजाच्या दिवसांनंतर लागू होईल.' म्हणजे भट्टी गेल्यानंतर. तुला हे माहीत होतं. हासुद्धा तुझाच नियम.

सोमवार, २३ तारीख

गेल्या बुधवारी तू फोन केलास. बँकेतून नाही, स्वतःच्या फोनवरून. तीन वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं आईंबद्दल विचारशील. तू म्हणालास, "मी माझ्या खात्यातून मास्तरांना पैसे पाठवत होतो. माझा व्यवहार थांबवलाय."

मी हसले, तू ऐकलंसच. पोट धरून हसले. तुझ्याच हाताखालच्या पोराने तुला विचारलं ना, की साहेब, या माणसाला आपण ओळखता का, आपल्यावर कुणी दबाव आणतंय का? तू म्हणालास, "हसू नकोस. मी बघतो काहीतरी." आणि ठेवलास.

पुढचं मला मास्तरांनी सांगितलं. गुरुवारी दुपारी तू त्यांच्या दारात उभा होतास, छातीशी पिशवी धरून. रोख पैसे! रोख घेऊन फिरणाऱ्यांना जन्मभर मूर्ख म्हणणारा तू, रात्रभर बसने पिशवी उशाशी घेऊन आलास. लॅबवाला तिथेच चहा पीत होता. त्याच्यासमोर तू नोटा मोजून दिल्यास, पावती माझ्या नावाने करायला लावलीस. मास्तर म्हणाले, तू पाणी दोनदा मागितलंस. लॅबवाल्याने कप तसाच ठेवला आणि गेला. ते ऐकताना मला जो आनंद झाला तो तुझ्यामुळे झाला हे मान्य करते.

भट्टी शुक्रवारी आली. दोघा हमालांनी मिळून जिन्यावरून चढवली. काल पहिली दाढ भाजली. रंग जरा पिवळा आला, पण पुढची ठीक येईल. मला आता कुणाच्या दारात जावं लागणार नाही.

पण मास्तरांनी एक चूक केली. तू दारात दिसलास तसा त्यांनी मला फोन केला की जावईबापू आलेत, काम झालं की घरी येतील. मी आईंना सांगितलं. त्या उठल्या. केस विंचरले. मी केलेली नवी कवळी, जी टोचते म्हणून त्या डबीतच ठेवतात, ती लावली. खिडकीशी खुर्ची ओढली. मी ताट वाढलं तर म्हणाल्या, "तो येऊ दे. बरोबर बसू." मास्तरांच्या घरापासून आपल्या घरापर्यंत चालत किती वेळ लागतो, तुला माहीत आहे.

तू मास्तरांना म्हणालास, "कोणत्या तोंडाने जाऊ?" आणि परतीची बस धरलीस. अंधार पडल्यावर मी आईंच्या समोरचं गार ताट उचललं. त्या म्हणाल्या, "बस चुकली असेल त्याची." मी हो म्हटलं. तुझ्यासाठी मी आणखी एक खोटं बोलले, पण हे शेवटचं.

आता ऐक. तुझे पैसे मी ठेवून घेणार नाही. वाढीव मर्यादा आज सकाळी लागू झाली. ठरवलं तर सगळे एकदम परत करू शकते. करणार नाही. रोज थोडे पाठवणार, इतके थोडे की तुमचा कुठलाच नियम आडवा येऊ नये. रोज सकाळी, तू टेबलाशी बसलास की तुझा फोन वाजेल. या गतीने ते तुझ्या निवृत्तीपर्यंत पुरतील. पैसे पाठवताना शेरा लिहायला एक चौकोन असतो, हे तुला माहीत असेलच. त्यात मी रोज एकच ओळ लिहिणार आहे. तू येऊन त्यांच्यासमोर बसेपर्यंत ती बदलणार नाही.

पहिला हप्ता आत्ता पाठवला. लगेच गेला, कुणी काही विचारलं नाही. वाचलास का शेरा?

'आई जेवायच्या थांबल्या होत्या.'